विश्लेषण : ९ आणि २२ची अदलाबदल! ब्लड कॅन्सरची गोळी स्वस्त झाली, तपासणीचं काय?

सोमवारी, २२ सप्टेंबर २०२५ला घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोटी कार कितीने उतरली, एसी कितीने, पनीरवरचा कर कसा गेला, हे दिवसभर टीव्हीवर सुरू होतं. त्या गदारोळात औषधांची एक यादी मागे पडली. ३३ औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून थेट शून्यावर आला आहे. त्या यादीत असिमिनिब नावाचं एक औषध आहे. ते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच सीएमएल या रक्ताच्या कर्करोगावर दिलं जातं.

योगायोग असा की २२ सप्टेंबर हाच जगभर 'सीएमएल दिन' म्हणून पाळला जातो. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून ही तारीख ९/२२ अशी होते. आणि सीएमएल होतो तो आपल्या पेशीतल्या ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांमध्ये गडबड झाल्यामुळे.

मग आता हा आजार परवडणारा झाला का? गोळीपुरतं बोलायचं तर बऱ्याच अंशी हो, आणि ते काम जीएसटीने नाही, १२ वर्षांपूर्वीच्या एका निकालाने केलं. पण गोळी काम करते आहे की नाही हे सांगणारी तपासणी मात्र अजूनही अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे. आणि विदर्भात तर त्याआधी एक वेगळाच गैरसमज दूर करावा लागतो.

वाडीतल्या काकांचं काय झालं?

मी राहते ती वाडी नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती रोडवर. एका बाजूला आयुध निर्माणी, दुसऱ्या बाजूला गोदामं आणि ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं. आमच्या गल्लीतले एक काका अशाच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या बनवतात. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी फाइल दाखवली.

चार वर्षांपूर्वी, वयाच्या ४१व्या वर्षी, त्यांना जेवण जाईनासं झालं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटायचं, डावीकडच्या बरगडीखाली जड लागायचं. अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, ओवा झाला. शेवटी एका डॉक्टरांनी साधी सीबीसी करायला लावली. पांढऱ्या पेशी ४ ते ११ हजारांच्या दरम्यान असायला हव्यात, त्या निघाल्या १ लाख ८० हजार. पोटातला जडपणा होता तो सुजलेल्या पानथरीचा, म्हणजे प्लीहेचा. पुढे मज्जेची आणि जनुकीय तपासणी झाली, सीएमएलचं निदान झालं आणि रोज एक गोळी सुरू झाली. तीन महिन्यांत काका कामावर परतले.

इथपर्यंत सगळं ठीक. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली, त्यांच्या पुतणीचं लग्न जुळत होतं ते थांबलं, कारण समोरच्यांना कळलं की 'घराण्यात रक्ताचा आजार आहे'. दुसरी, काकांनी दर तीन महिन्यांनी करायची तपासणी सोडून दिली. "गोळी तं रोज घेऊन राहिलो ना मी. तब्येत बी चांगली हाय. मंग तपासायचं काय?" असं त्यांचं म्हणणं. तपासणीला काही हजार रुपये लागत होते आणि त्या दिवशीचा पगारही कापला जायचा, हे त्यांनी नंतर सांगितलं.

या दोन्ही गोष्टी समजून घ्यायच्या तर गुणसूत्रांकडे जावं लागतं.

गुणसूत्रांत नेमकं काय बिघडतं?

आपल्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्या. हा आकडा आज शाळेतल्या मुलालाही पाठ असतो, पण तो पक्का ठरला १९५६मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं पुस्तकांत ४८ छापलं जात होतं. स्वीडनमधल्या लुंडच्या प्रयोगशाळेत जो हिन टियो आणि आल्बर्ट लेवान यांनी नीट मोजली तेव्हा ४६ भरली.

चारच वर्षांनी, १९६०मध्ये, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसलं. यामागची गंमत म्हणजे नोवेल यांनी पेशी साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या होत्या. पाण्याने पेशी फुगल्या, आतली गुणसूत्रं मोकळी झाली आणि मोजता आली. त्या आखूड गुणसूत्राला शहराचं नाव मिळालं : फिलाडेल्फिया गुणसूत्र. एखादा विशिष्ट कर्करोग आणि गुणसूत्रातला एक ठरावीक बिघाड यांचं नातं पहिल्यांदाच दिसलं होतं.

पण तुटलेला तुकडा गेला कुठे? याचं उत्तर १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दिलं. त्या गुणसूत्रांचे फोटो घरी आणून, कात्रीने कापून जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायच्या. आई कागदाच्या बाहुल्या खेळते म्हणून मुलं चिडवायची. या खेळातून त्यांच्या लक्षात आलं की २२व्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही, तो ९व्यावर जाऊन बसला आहे आणि ९व्याचा तुकडा २२व्यावर आला आहे.

वाडीच्या भाषेत सांगायचं तर दोन ट्रकांमधल्या मालाची अदलाबदल झाली. एकूण माल तेवढाच, काही हरवलं नाही. पण ९ नंबरच्या ट्रकमधलं एबीएल नावाचं पार्सल २२ नंबरच्या ट्रकमधल्या बीसीआर नावाच्या पार्सलला चिकटलं आणि दोघांची मिळून एक नवीच बिल्टी तयार झाली. बीसीआर-एबीएल. एबीएल एरवी पेशीला 'वाढ' असा निरोप हवा तेव्हाच देतं. या जोडगोळीला मात्र थांबणं माहीत नाही. त्यामुळे मज्जेतली ती एक पेशी वाढतच जाते, तिच्या पिलावळीत तोच दोष उतरतो आणि पांढऱ्या पेशींचा आकडा हजारांवरून लाखांवर जातो.

इथे 'एक पेशी' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

मग हा आजार आनुवंशिक आहे का?

नाही. ही अदलाबदल जन्मानंतर, मज्जेतल्या एखाद्या पेशीत घडते. ती रुग्णाच्या बीजपेशींमध्ये नसते, त्यामुळे मुलांकडे जात नाही. पुतणीकडे जाण्याचा तर प्रश्नच नाही. तो संसर्गाने पसरत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. बहुतेक रुग्णांमध्ये ही अदलाबदल का झाली याचं कारण सापडत नाही. नक्की माहीत असलेलं कारण म्हणजे मोठ्या प्रमाणात मिळालेला किरणोत्सार. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण वाढलेलं दिसलं होतं.

मग लोक 'घराण्याचा आजार' का म्हणतात? माझ्या मते, विदर्भात याचं उत्तर सिकलसेलमध्ये आहे.

नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिलं. तेव्हापासून आजवर या भागात 'रक्ताचा आजार' म्हटलं की सिकलसेलच डोळ्यांसमोर येतो. लग्नाआधी रक्त तपासा, दोघंही वाहक असाल तर विचार करा, हे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. जुलै २०२३मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केल्यावर तर हा प्रचार आणखी वाढला. तो योग्यच आहे. सिकलसेल आई-वडिलांकडून येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

पण सिकलसेलमध्ये गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली अगदी धडधाकट दिसतात. ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं असतं आणि ते जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं. सीएमएलमध्ये अख्खे तुकडे इकडचे तिकडे होतात, पण फक्त मज्जेतल्या एका पेशीत आणि तिच्या वंशात. एका आजाराचा इशारा दुसऱ्याला चिकटवल्यामुळे एक जुळत आलेलं लग्न मोडलं. आणि यात दोष फक्त त्या कुटुंबाचा नाही. 'जनुकीय' आणि 'आनुवंशिक' हे शब्द आम्ही माध्यमवालेही एकाच अर्थाने वापरत असतो. सगळेच कर्करोग जनुकांतल्या बिघाडामुळे होतात, पण त्यातले थोडेच वारशाने येतात.

गोळी स्वस्त कशी झाली?

बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्यावर त्यालाच थांबवणारं औषध शोधता आलं. ब्रायन ड्रुकर, निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून इमॅटिनिब तयार झालं. बीसीआर-एबीएलला ऊर्जा घेण्यासाठी जी खाच असते, तिच्यातच हे औषध जाऊन बसतं. मे २००१मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. त्याआधी सीएमएलच्या रुग्णाकडे मज्जारोपण किंवा इंटरफेरॉनची इंजेक्शनं असे पर्याय होते आणि बऱ्याच जणांचा आजार काही वर्षांत उग्र रूप घ्यायचा. इमॅटिनिबने सुरुवात केलेल्या रुग्णांच्या मूळ चाचणीत १० वर्षांनंतर ८३ टक्के रुग्ण हयात होते.

भारतात मात्र प्रश्न किमतीचा होता. नोव्हार्टिस कंपनीचं 'ग्लिवेक' महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडत होतं, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळू शकत होती. नोव्हार्टिसने औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी १९९८मध्ये पेटंटचा अर्ज केला होता. त्याला आव्हान देणाऱ्यांत भारतीय औषध कंपन्या होत्या आणि मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्थाही होती. जानेवारी २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ एप्रिल २०१३ला न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने नोव्हार्टिसची याचिका फेटाळली. पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं की माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप काढलं, एवढ्यावर पेटंट मिळत नाही. त्याची परिणामकारकता वाढली आहे हे दाखवावं लागतं.

कंपनीचं म्हणणं होतं की असं झालं तर संशोधनाला पैसा कोण लावणार, आणि भारतातल्या बहुसंख्य ग्लिवेक घेणाऱ्यांना आम्ही ते मोफतच देतो. दुसरा मुद्दा खोटा नव्हता. हजारो रुग्ण त्या मोफत योजनेवर होते. पण कंपनीच्या मर्जीवर मिळणारी मोफत गोळी आणि मेडिकल स्टोअरमध्ये परवडणारी गोळी यात फरक आहे. आज इमॅटिनिब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याच्या कमाल किमतीवर सरकारचं नियंत्रण आहे. काकांनी ग्लिवेकचं नावही ऐकलेलं नाही.

या तुलनेत परवाची जीएसटी सवलत छोटी आहे. कर धरून ११२ रुपयांना पडणारी वस्तू आता १००ला मिळेल, इतकंच. असिमिनिब हे नवं औषध आहे, आधीच्या गोळ्यांनी दाद न दिलेल्या रुग्णांच्या ते विशेष कामाचं. त्याची मूळ किंमतच इतकी आहे की कर गेल्याने वाडीतल्या घराचा हिशेब फारसा बदलत नाही. मला यादीपेक्षा त्याच निर्णयातली दुसरी ओळ महत्त्वाची वाटते : निदानाच्या किट्स आणि रसायनांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. तो फायदा लॅब रुग्णांपर्यंत पोहोचवतात का, हे पाहायला हवं.

तपासणी एवढी का गरजेची?

सीएमएलमध्ये 'बरं वाटणं' हे माप नाही. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत सीबीसी नॉर्मल येते, पानथरी आकसते, माणूस कामाला लागतो. पण रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलं आहे हे सीबीसीत दिसत नाही. त्यासाठी पीसीआर तपासणी लागते. कोविडमुळे हे नाव सगळ्यांना माहीत झालं. इथे तेच तंत्र कर्करोगाच्या पेशी मोजायला वापरतात. लाखभर पेशींत एखादी दोषी पेशी असली तरी ते पकडू शकतं.

निकाल आंतरराष्ट्रीय मापावर, टक्क्यांत येतो. ढोबळ नियम असा : तीन महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा कमी, वर्षाने ०.१ टक्का किंवा कमी. आकडा ठरल्याप्रमाणे उतरला नाही किंवा उतरून परत चढला तर दोन शक्यता असतात. एक, गोळ्या चुकत आहेत. दोन, बीसीआर-एबीएलमध्ये नवा बदल होऊन औषध लागू पडेनासं झालं आहे. तेव्हा डॉक्टर दासाटिनिब, निलोटिनिब अशा पुढच्या औषधांकडे वळतात. ही वेळ हुकली आणि आजार 'ब्लास्ट क्रायसिस'मध्ये गेला, तर तो तीव्र ल्युकेमियासारखा वागतो आणि मग गोळीने भागत नाही.

गोळ्या चुकण्याचं गांभीर्य २०१०च्या एका अभ्यासात दिसलं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या ८७ रुग्णांच्या गोळ्यांच्या बाटल्यांना इलेक्ट्रॉनिक झाकणं लावली होती. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के रुग्णांचा आकडा सहा वर्षांत ०.१च्या खाली गेला. त्याहून कमी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास राहिलं. महिन्यात तीन-चार गोळ्या चुकल्या की माणूस या दुसऱ्या गटात जातो. प्रवासात गोळी विसरली, उपासाला मळमळ होते म्हणून टाळली, दिवाळीत दुकान बंद होतं, एवढ्याने.

शिवाय ज्यांचा आकडा काही वर्षं अगदी खाली टिकतो, त्यांच्यातल्या निवडक रुग्णांची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंदही करता येते. त्यातल्या साधारण निम्म्यांचा आजार परत येत नाही. पण त्यासाठी सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर हवी. ज्याला तीन महिन्यांनी एक तपासणी जमत नाही, त्याच्यासाठी हा दरवाजा बंदच.

अडचण फक्त पैशांची नाही. पीसीआरसाठी लागणारा आरएनए हा नाजूक रेणू रक्त काढल्यावर लवकर विरतो, त्यामुळे नमुना एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. नागपुरात आज मेडिकल आहे, तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, एम्स आहे, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. वाडीच्या माणसाला अर्धा दिवस पुरतो. गडचिरोलीच्या टोकाच्या गावातून येणाऱ्याचे दोन दिवस जातात. पश्चिमेत सीएमएल साधारण साठीच्या पुढे दिसतो, भारतात तिशी-चाळिशीत, म्हणजे कमावत्या वयात. रोजंदारीवरचा माणूस वर्षातून चार वेळा दोन-दोन दिवस मोडेल कसा?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच आता ५ लाखांचं आहे. पण या योजनेची घडण मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांच्या पॅकेजवर आहे. सीएमएलचा रुग्ण दाखल होतच नाही, तो वर्षानुवर्षं ओपीडीत येतो. शस्त्रक्रियेला लाखो देणाऱ्या व्यवस्थेत काही हजारांची नियमित तपासणी कुठे बसवायची, हा प्रश्न सुटलेला नाही. गोळीसोबत तपासणीही योजनेतूनच मिळाली आणि नमुना जिल्हा रुग्णालयात घेऊन पुढे पाठवला गेला, तर ब्लास्ट क्रायसिसच्या एका रुग्णावर होणाऱ्या खर्चात कितीतरी जणांच्या तपासण्या होतील.

बाकीच्या आजारांत गुणसूत्रं काय सांगतात?

सीएमएल हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे, पण एकमेव नाही. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांत अदलाबदल झाली तर एपीएल हा तीव्र ल्युकेमिया होतो. त्यात रक्तस्रावाने रुग्ण काही दिवसांत दगावू शकतो. पण वेळेत ओळखलं तर अ-जीवनसत्त्वापासून बनवलेलं एक औषध आणि आर्सेनिक, म्हणजे चक्क सोमल, यांच्यावर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मुलांच्या ल्युकेमियात गुणसूत्रांचा अहवाल पाहून उपचार किती कडक ठेवायचे ते ठरतं.

डाउन सिंड्रोमची गोष्ट निराळी. तिथे २१वं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतात आणि तेही जन्मापासून. १९५९मध्ये हे समजलं. या मुलांना ल्युकेमियाचा धोका इतरांपेक्षा १० ते २० पट असतो, त्यामुळे मूल फिकट दिसलं, अंगावर निळे डाग आले तर सीबीसी लांबवू नये.

सीएमएलच्या रुग्णाने काय पाहावं?

अहवालावर टक्केवारीसोबत 'आयएस' ही अक्षरं आहेत का ते बघा. ती असली तरच दोन वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, जुने अहवाल फेकू नका. मळमळ, पायात गोळे, डोळ्यांखाली सूज असे त्रास होत असतील तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. आणि घरात बाळाचा विचार असेल तर आधीच बोला. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत.

काकांनी १४ महिन्यांच्या खंडानंतर या उन्हाळ्यात तपासणी केली. आधी ०.३ टक्क्यांवर असलेला आकडा ६ टक्क्यांवर गेला होता. गोळी बदलली. पुढची तपासणी दसऱ्यानंतर आहे. काकूंनी ती तारीख फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली आहे, गॅस सिलिंडरच्या नोंदीशेजारी. पुतणीच्या नव्या स्थळाला त्यांनी फाइल आधीच दाखवली म्हणे. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "हे सिकलसेलसारखं नाही ना?" काकांनी त्यांना दोन ट्रकांची गोष्ट सांगितली.